जमीन आपली, ट्रेलर आपला, तरी राहता येईल का? ऑरेगनमधल्या पाच एकरांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पोर्टलंडपासून पाऊण तासावर पाच एकर बघून ठेवलेत, ऑफर अजून टाकायची आहे, घर बांधून व्हायला दीड-दोन वर्षं जातील, तोवर अपार्टमेंटचं भाडं वाचवायला सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचा) घेऊन दोघांनी तिथेच राहायचं, आणि एप्रिलमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांच्यासाठी अजून एक छोटी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, शेजारी लावायची. जमीन आपली, रस्त्यावरून काही दिसत नाही, मग कोणाला काय त्रास, असं तुमचं म्हणणं.

मी अठरा वर्षं ह्याच कामात आहे, पहिली सहा एका कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, प्लॅनिंग काउंटरच्या आतल्या बाजूला आणि त्यानंतरची बाहेरच्या बाजूला, म्हणजे लोकांची परमिटं काढून देत. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते आणि मग कारणं सांगते. ट्रेलर नुसता उभा करून ठेवायला सहसा कोणी काही म्हणणार नाही. त्यात तुम्ही दोघांनी बांधकाम चालू असताना राहणं बऱ्याच ठिकाणी जमतं, पण तात्पुरतं परमिट काढून आणि सेप्टिक, म्हणजे मैलापाण्याची जमिनीतली टाकी, आधी घालून. आई-बाबांची दुसरी आरव्ही मात्र बहुतेक जमणार नाही, निदान घर उभं राहायच्या आधी तरी नाहीच. आणि हे सगळं ती जमीन कुठल्या झोनमध्ये आहे, म्हणजे कशासाठी राखलेली आहे, ह्यावर आहे, जे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि माझ्या अनुभवात जो माणूस झोन लिहीत नाही त्याने तो बघितलेला नसतो, राग मानू नका.

सगळ्यात पहिला घोळ कायद्याच्या नजरेचा आहे. आपल्याला ट्रेलर म्हणजे छोटं घर दिसतं, आत ओटा आहे, शॉवर आहे, बेड आहे, अजून काय पाहिजे. कायद्याला तिथे गाडी दिसते. आरव्ही ज्या एनएफपीए ११९२ नावाच्या स्टँडर्डने बनवतात ते इमारतींचं नाहीच, ते प्रवास, कॅम्पिंग आणि सीझनपुरत्या मुक्कामाच्या वाहनाचं आहे. ट्रेलरच्या दाराजवळ इंडस्ट्रीच्या असोसिएशनचा स्टिकर असतो तो हेच सांगतो. घर म्हणून मान्य असलेली चाकावरची वस्तू वेगळी, तिला मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात, १५ जून १९७६ नंतर बनलेल्या अशा प्रत्येक घराच्या प्रत्येक भागाला मागच्या बाजूला एक छोटी लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, हड (HUD) ह्या केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची. लाल पट्टी असेल तर ते घर, नसेल तर गाडी, अगदी ढोबळ पण कामाचा नियम. पार्क मॉडेल म्हणून जे ४०० स्क्वेअर फुटांपर्यंतचं लाकडी देखणं प्रकरण विकतात, पोर्च वगैरे असलेलं, तेसुद्धा आरव्हीच. विकणारा तुम्हाला हे सांगणार नाही, तो म्हणेल लोक ह्यात वर्षानुवर्षं राहतात, आणि ते खरंही आहे, फक्त कुठे राहतात ते तो बोलत नाही.

म्हणून उभी करणं आणि राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. बहुतेक कौंट्यांच्या कोडमध्ये स्टोअर करायला परवानगी, आणि झोपायला ठरावीक दिवसांची मर्यादा, कुठे १४ दिवस, कुठे ३०, कुठे वर्षभरात मिळून अमुक इतके. पाहुणा आठवडाभर ट्रेलरमध्ये झोपला तर चालतं, मुक्काम ठोकला की ते डवेलिंग, म्हणजे राहतं घर, झालं, आणि डवेलिंग म्हटलं की झोनिंग, सेप्टिक, बिल्डिंग कोड सगळी वरात मागून येते.

आता झोन. ऑरेगनमध्ये १९७३ च्या सिनेट बिल १०० पासून सगळं राज्य आखलेलं आहे, प्रत्येक शहराभोवती ग्रोथ बाउंडरी, म्हणजे शहराच्या वाढीची हद्द, आणि तिच्या बाहेरची चांगली शेतजमीन ईएफयू, म्हणजे फक्त शेतीसाठी. आपल्याकडच्या लोकांना हे पटकन कळतं कारण एनए केल्याशिवाय शेतात बंगला नाही हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, माझे वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते, जेवताना पण तोच विषय. पण इथे आल्यावर आपण ते का विसरतो कोण जाणे, अमेरिका म्हणजे मोकळा देश असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. तर पाच एकर जर ग्रामीण रेसिडेन्शियलमध्ये असतील तर घराला हक्क आहे आणि पुढचं सगळं शक्य आहे. ईएफयूमध्ये असतील तर गोष्ट वेगळी. तिथे चांगल्या प्रतीच्या जमिनीवर शेतकऱ्याचं घर म्हणून परवानगी हवी असेल तर त्या जमिनीतून वर्षाला ८०,००० डॉलरचं ढोबळ उत्पन्न दाखवावं लागतं, आणि तेही एक वर्ष नाही, मागची सलग दोन वर्षं किंवा पाचातली तीन. पाच एकरांत बिगरकामाच्या वेळेत हे कोण करणार? इतर काही वाटा आहेत पण त्या अरुंद आहेत. घरालाच परवानगी नाही तर घर बांधेपर्यंतच्या आरव्हीला कुठून मिळणार. म्हणून आजूबाजूच्या मानाने जमीन स्वस्त दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, स्वस्त असण्याचं कारण दहातून नऊदा तरी हेच निघतं.

ह्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगते. बाहेर येऊन धंदा सुरू केला त्या वर्षी एका जोडप्याने फोनवर विचारलं, गाव सांगितलं, रस्ता सांगितला, मला वाटलं तो सगळा पट्टा रेसिडेन्शियल आहे, मी म्हटलं होईल हो. नकाशा उघडला नाही. त्यांनी क्लोज केल्यावर, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्यावर, मी बघितलं तर झोनची रेघ रस्त्याच्या मधून गेलेली, समोरची बाजू रेसिडेन्शियल आणि ह्यांची ईएफयू. त्यांनी मला काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. त्यानंतर टॅक्स लॉट नंबर मिळाल्याशिवाय मी कोणालाही होईल असं म्हणत नाही, सख्ख्या भावाला पण नाही.

आणि टॅक्स लॉटवरून आठवलं. टॅक्स लॉट आहे म्हणजे तो तुकडा कायदेशीर आहे असं नसतं. टॅक्स लॉट हा कर गोळा करायचा नंबर आहे, जमिनीचे तुकडे कायद्याने पडले की कोणी आजोबांनी कुंपण घालून दोन मुलांना वाटून दिले ते तो सांगत नाही. हे म्हणजे तुकडेबंदीत केलेल्या गुंठ्यांसारखं, कागद आहे, ताबा आहे, बांधायला गेलं की अडतं. कौंटीकडून लीगल लॉटची खात्री करून घ्या, काही ठिकाणी त्याला वेगळा अर्ज आणि फी आहे, पण ऑफरमध्येच हे विकणाऱ्याच्या गळ्यात घालता येतं.

झोन ठीक निघाला असं धरू. आता खरं प्रकरण, मैलापाणी. माझ्याकडे येणारे लोक पाणी कुठून आणायचं, लाइट कशी घ्यायची ह्याची चिंता करत असतात, त्या दोन्ही गोष्टी पैशाने सुटतात. घाण पाणी कुठे जाणार हे पैशाने सुटेलच असं नाही, कारण ते मातीच्या हातात आहे. गावाबाहेर सीवर लाइन, म्हणजे सार्वजनिक गटारलाइन, नाही म्हणजे सेप्टिक, आणि सेप्टिकसाठी आधी साइट इव्हॅल्युएशन, म्हणजे जागेची तपासणी. त्यात काय होतं सांगते. तुम्ही बॅकहो, म्हणजे जेसीबीवाला बोलावून जिथे ड्रेनफील्ड, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत जिरवायची जागा, घालायचं तिथे लांबलांब दोन खड्डे घेऊन ठेवायचे, माणूस छातीपर्यंत आत जाईल एवढे. मग कौंटीचा किंवा डीईक्यूचा, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याचा, माणूस येतो, आत उतरतो आणि छोट्या सुरीने भिंत खरवडत वरपासून खाली येतो. तो पाणी शोधत नसतो, ऑगस्टमध्ये पाणी असणार कुठून, तो रंग शोधत असतो. पोर्टलंडजवळच्या विलामेट व्हॅलीतली माती चिकण, वरती तपकिरी, आणि मग एका ठिकाणी राखाडी पट्ट्यात गंजासारखे नारिंगी ठिपके सुरू होतात. हिवाळ्यात पाणी तिथपर्यंत चढून बसतं म्हणून ते ठिपके पडतात, मातीतलं लोखंड भिजतं-वाळतं त्याचे डाग आहेत ते. तो टेप लावतो, ठिपके वरपासून किती इंचांवर सुरू झाले तो आकडा लिहितो आणि तुमच्या घराचं भवितव्य त्या आकड्यात असतं. ठिपके खोल असतील तर साधी सिस्टीम चालते, वरच असतील तर सँड फिल्टर किंवा ट्रीटमेंटवाली महागडी, आणि अगदीच जमिनीलगत असतील तर नकार. मी अशा खड्ड्याच्या काठावर छत्री धरून उभी राहिलेली आहे आणि खालून इन्स्पेक्टरने मान हलवलेली बघितली आहे, शेजारी क्लायंटची बायको हातात फ्लोअर प्लॅनचा गुंडाळा घेऊन उभी.

एक चांगली गोष्ट अशी की मंजूर साइट इव्हॅल्युएशन जमिनीबरोबर राहतं, मालक बदलला तरी, जागेची परिस्थिती बदलली नसेल तर. म्हणून कौंटीत विचारा की ह्या लॉटवर जुनी फाइल आहे का. कधीकधी १९९० च्या आसपासची मंजुरी पडलेली असते आणि विकणाऱ्यालाच माहीत नसतं. कधी उलटंही असतं, नकाराची फाइल असते, आणि ते मात्र विकणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

सेप्टिक मंजूर, बिल्डिंग परमिट हातात, मग तात्पुरत्या आरव्हीचं परमिट बऱ्याच कौंट्या देतात, घर बांधून होईपर्यंत राहायला. अट साधारण अशी की बांधकामाचं परमिट चालू पाहिजे, आरव्ही मंजूर सेप्टिकला जोडलेली पाहिजे, परमिट वर्षाचं आणि पुढे रिन्यू, आणि घराची फायनल, म्हणजे शेवटची तपासणी, झाली की आरव्हीतलं राहणं बंद. ह्यातली मेख क्रमात आहे. तुमच्या डोक्यात क्रम असा आहे की आधी आरव्हीत जायचं, भाडं वाचवायचं, त्या पैशांतून नकाशे काढायचे. कौंटीचा क्रम बरोबर उलटा आहे, आधी नकाशे, परमिट, सेप्टिक आणि मग आरव्ही. म्हणजे पहिले आठ-दहा महिने भाडं चुकत नाही. हे बजेटमध्ये आत्ताच धरा. आणि घर रेंगाळलं, फ्रेमिंग होऊन दोन वर्षं तसंच उभं राहिलं, की परमिट रिन्यू करताना प्रश्न विचारतात, काम पुढे सरकतंय ह्याचे इन्स्पेक्शनचे शिक्के दाखवावे लागतात.

कंपोस्ट टॉयलेट लावतो, मग सेप्टिक कशाला, हा प्रश्न मला महिन्याला एकदा तरी येतो. आपल्याकडे सांडपाणी वेगळं आणि मैलापाणी वेगळं, भांडी घासलेलं पाणी आळवाच्या वाफ्यात सोडायचं हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथे सिंकचं आणि आंघोळीचं पाणीसुद्धा घरगुती मैलापाण्यातच धरतात, परमिटशिवाय जमिनीवर सोडता येत नाही. आरव्हीच्या पोटात दोन टाक्या असतात, ब्लॅक संडासाची आणि ग्रे सिंक-आंघोळीच्या पाण्याची. ब्लॅकची लोकांना घाण वाटते म्हणून ती नीट डम्प स्टेशनला, म्हणजे टाकी रिकामी करायच्या ठिकाणी, नेतात, चुकतात ते ग्रे टाकीत.

असंच एक आपलं मराठी कुटुंब होतं, नावगाव नको. परमिट न काढता ट्रेलरमध्ये राहिले, स्वभावाने चांगले, शेजारी म्हातारा आठवड्याला अंडी आणून द्यायचा इतकी ओळख. ग्रे टाकी चार दिवसांत भरते, दर वेळी ट्रेलर ओढून डम्प स्टेशनला कोण नेणार, म्हणून ह्यांनी एक पाइप ब्लॅकबेरीच्या जाळीत सोडला. उन्हाळ्यात जिरलं. फेब्रुवारीत तीन आठवडे पाऊस, जमीन फुगलेली, पाणी जिरेना, ते उतारावरून शेजाऱ्याच्या चरात गेलं, आणि चरातल्या पाण्यावर पिवळा तवंग. हळद. रोजच्या आमटीची भांडी. त्या म्हाताऱ्याची विहीर चराच्या खालच्या अंगाला होती, तो घाबरला, त्याला वाटलं काहीतरी केमिकल आहे, आणि त्याने कौंटीला फोन केला. ह्यात त्याचं काय चुकलं? ते लोक अजूनही म्हणतात की त्याने दगा दिला, मला नाही तसं वाटत.

इथे कोड एन्फोर्समेंट जवळजवळ सगळीकडे तक्रारीवर चालतं, कोणी गाडी घेऊन आरव्ही शोधत फिरत नाही. म्हणून सगळेच करतात आणि कोणाला काही होत नाही हे तुम्हाला ऐकायला मिळतं. होत नाही ते तक्रार येईपर्यंत. तक्रार आली की आधी पत्र, ठरावीक दिवसांत दुरुस्त करा, मग दंड, काही ठिकाणी दंड रोजच्या हिशोबाने आणि शेवटी मालमत्तेवर बोजा. आणि एकदा ती फाइल उघडली की तीच कौंटी तुमच्या घराचं परमिटसुद्धा अडवून धरू शकते. बऱ्याच कोडमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, उल्लंघन मिटेपर्यंत त्या लॉटवर नवीन परमिट नाही.

त्या कुटुंबाला मी आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे आरव्ही लावायच्या भाड्याच्या जागेत, हलवलं, आठ महिने राहिले. हा पर्याय लोक विचारातच घेत नाहीत. ऑरेगनच्या कायद्याने, आरव्ही पार्कमध्ये किंवा मोबाइल होम पार्कमध्ये पाणी, वीज आणि सीवेज (मैलापाणी) रीतसर जोडलेलं असेल तर शहर किंवा कौंटी किती दिवस राहायचं ह्यावर मर्यादा घालू शकत नाही. पार्कचे स्वतःचे नियम असतात, जुनी आरव्ही घेत नाहीत वगैरे, पण सरकारी अडचण संपली. तुमच्या दोघांच्या त्या पहिल्या आठ-दहा महिन्यांसाठी मी हेच सुचवेन, अपार्टमेंटपेक्षा स्वस्त पडेल आणि ट्रेलरमध्ये राहणं आपल्याला झेपतं का तेही कळेल. इथल्या हिवाळ्यात आतल्या भिंतींना पाणी सुटतं, फोडणी दिली की दोन दिवस गादीला वास येतो, आणि गोठणाऱ्या रात्री पाण्याचा नळीपाइप कडक होऊन बसतो, त्याला गरम करणारा पाइप वेगळा मिळतो तो घ्यावा लागतो.

आता आई-बाबा. इथे तीन कायदे आहेत आणि लोक तिन्ही एकात एक मिसळतात.

पहिला पोर्टलंड शहराचा. १ ऑगस्ट २०२१ पासून पोर्टलंडच्या हद्दीत घर असलेल्या रेसिडेन्शियल लॉटवर एक आरव्ही किंवा चाकावरचं टायनी हाउस राहायला लावता येतं. आत नळ-संडास असेल तर सीवरला जोडायचं, नसेल तर घरातला वापरायचा. आता आरव्हीत राहता येतं असं तुम्ही कुठे वाचलं असेल तर ते बहुधा हेच. पण हे शहराच्या हद्दीत, तुमची जमीन पाऊण तास लांब आहे, तिथे ह्याचा काही उपयोग नाही.

दुसरा राज्याचा, २०२३ चं सिनेट बिल १०१३, २०२४ पासून लागू. ग्रामीण रेसिडेन्शियल जमिनीवर एक आरव्ही भाडेकरूला राहायला देता येते. त्यातसुद्धा कौंटीने ठरवलं तरच, सक्ती नाही. आणि अटी वाचा, तिथे आधीपासून घर पाहिजे, मालक त्या घरात राहत पाहिजे, दुसरं डवेलिंग नको, भाडेकरार पाहिजे, आरव्ही भाडेकरूची स्वतःची किंवा त्याने भाड्याने घेतलेली असली पाहिजे, पाणी-वीज-सीवेज मालकाने द्यायचं, आणि सुट्टीतल्या पाहुण्यांना द्यायची नाही. रिकाम्या प्लॉटवर आई-बाबांना सहा महिने ठेवायचं ह्यात कुठेच बसत नाही. आई-बाबांशी भाडेकरार करू का असं एकाने मला खरंच विचारलं होतं.

तिसरा हार्डशिपचा, म्हणजे घरातल्या आजारपणाच्या अडचणीचा, आणि हा तुम्ही पुढच्यासाठी लक्षात ठेवा कारण आपल्या लोकांना तो खरा उपयोगी आहे. शेतजमिनीच्या झोनमध्येसुद्धा, घर असेल तर, आजारी किंवा वृद्ध नातेवाइकाच्या देखभालीसाठी एक मॅन्युफॅक्चर्ड होम किंवा एक आरव्ही तात्पुरती लावता येते, आणि रेसिडेन्शियल झोनमध्येही बऱ्याच कौंट्यांनी तशीच तरतूद ठेवली आहे. डॉक्टरचं पत्र लागतं, शक्यतो घराच्याच सेप्टिकला जोडायची, दर दोन वर्षांनी कौंटी तपासते की गरज अजून आहे का, आणि गरज संपली की तीन महिन्यांत काढायची. ही शेवटची ओळ अर्ज भरताना कोणी वाचत नाही. एका बाईंच्या सासूबाई गेल्या आणि तेराव्यानंतर काही दिवसांनी कौंटीचं पत्र आलं की आरव्ही कधी हलवताय, त्या रडतच माझ्याकडे आल्या, पण नियम तसाच आहे आणि पत्र पाठवणाऱ्याने तारीख बघून पाठवलेलं, त्याला बाकी काही माहीत नव्हतं. पण धडधाकट आई-बाबा मुलांना भेटायला आलेत ह्याला हार्डशिप म्हणत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात, आरव्हीत पाहुण्याचे दिवस मिळतात १४ नाहीतर ३०, हे गणित जुळत नाही.

अजून एक, जमिनीतून ओढा गेलाय असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याचा, फ्लड मॅप बघा. पूरक्षेत्रात आरव्ही सलग १८० दिवसांपेक्षा कमी ठेवायची, नाहीतर कधीही हायवेवर न्यायला तयार पाहिजे, म्हणजे लायसन्स चालू, चाकं किंवा जॅक खाली, जोडण्या झटक्यात सुटणाऱ्या, आणि कायमचं काही चिकटवलेलं नाही. नाहीतर मग घरासारखी उंच उचलून बांधून ठेवायची. लोक काय करतात, पहिल्याच महिन्यात डेक ठोकतात. डेक ठोकला की ती हायवेला तयार राहिली नाही, संपलं.

डीडमधल्या, म्हणजे खरेदीखतातल्या, अटी आणि एचओए, म्हणजे तिथल्या घरमालकांची सोसायटी, ही वेगळी भानगड, कौंटी हो म्हणाली तरी ते नाही म्हणू शकतात आणि कौंटीला त्यांच्याशी देणंघेणं नसतं, मालकीच्या टायटल रिपोर्टमध्ये सीसी अँड आर, म्हणजे अशा लेखी अटी, आहेत का एवढं बघा.

तुमच्या मित्राने डॅलसहून सांगितलं की टेक्सासमध्ये असलं काही नसतं. अर्धं खरं आहे. तिथे शहराबाहेर कौंट्यांना झोनिंगचे अधिकार फारसे नाहीत, पण सेप्टिकचे नियम आहेतच. स्वतःच्या राहत्या घरासाठी दहा एकर किंवा जास्त जमीन आणि सिस्टीम सगळ्या हद्दींपासून १०० फूट आत असेल तर राज्याच्या नियमात परमिटची सूट आहे, तरी काही कौंट्यांनी ती सूटही काढून टाकली आहे. ह्यूस्टनला तर झोनिंगच नाही म्हणतात, पण डीडच्या अटी इतक्या कडक की शहराचे वकील त्या अमलात आणतात. फ्लोरिडाने २०२३ मध्ये वादळात घर गेलेल्यांसाठी आणीबाणी जाहीर झाल्यापासून ३६ महिन्यांपर्यंत स्वतःच्या जागेवर आरव्हीत राहायला मुभा दिली, घर पुन्हा बांधायचा प्रामाणिक प्रयत्न चालू असेल तर. ऑरेगनमध्येही आगीत किंवा पुरात घर गेलं तर तशी सोय आहे. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोने २०१६ मध्येच चाकावरच्या टायनी हाउसला परसात परवानगी दिली. म्हणजे दार हळूहळू उघडतंय, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं दार आहे आणि डॅलसच्या किल्लीने इथलं उघडणार नाही.

विजेचं थोडक्यात. छोट्या ट्रेलरला ३० अँपिअर, मोठ्याला ५०, त्याचा वेगळा पेडेस्टल, म्हणजे जोडणीचा खांब, इलेक्ट्रिकल परमिट काढून बसवा. नारिंगी एक्स्टेन्शन कॉर्डवर हीटर चालवलेला मी बघितलाय, प्लगची पिन ब्रेडसारखी भाजून काढलेली. विमा पूर्णवेळ राहणाऱ्यांचा वेगळा असतो, साधी पॉलिसी सुट्टीतल्या वापराची, आग लागल्यावर विमा कंपनीच्या ॲडजस्टरने विचारलं इथे राहता का, तर काय सांगणार? आणि तुम्ही एच-१बी वर आहात म्हणून, पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. रिकाम्या प्लॉटला बऱ्याचदा पत्ताच नसतो, तो कौंटीकडून घ्यावा लागतो, आणि जिथे राहायची परवानगी नाही तो राहण्याचा पत्ता म्हणून सरकारी फॉर्मवर लिहिणं मला तरी पसंत नाही. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, तो माझा विषय नाही.

आता ह्या आठवड्यात काय करायचं. काउंटीला फोन करण्याआधी लिस्टिंगवरून टॅक्स लॉट नंबर काढा. प्लॅनिंगला फोन करून त्या नंबरवर चार गोष्टी विचारा, झोन कुठला, लीगल लॉट आहे का, सेप्टिकची जुनी फाइल आहे का, आणि बांधकामाच्या काळात आरव्हीत राहायचं तात्पुरतं परमिट मिळतं का, मिळत असेल तर कधीपासून. मी आरव्हीत राहू का असं मोघम विचारू नका, त्याला काउंटरवरून नाहीच असं उत्तर येतं, मी स्वतः सहा वर्षं तेच देत होते. उत्तर ईमेलवर मागा, काउंटरवरच्या माणसाचं तोंडी हो पुढच्या माणसाला बांधील नसतं. ऑफर टाकताना साइट इव्हॅल्युएशन पास झालं तरच क्लोज करणार अशी अट घाला, विकणारा कुरकुरला तर समजा की त्याने तो खड्डा आधी खणून बघितलेला आहे. आणि ट्रेलर अजून घेतला नसेल तर थांबा, आधी जमीन.

आई-बाबांसाठी ते सहा महिने दोन बेडरूमचं अपार्टमेंट ठेवा. ट्रेलरच्या पायऱ्या घडीच्या असतात, उंच आणि हलणाऱ्या, कठडा नाही, आणि आईंचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. त्या छोट्या आरव्हीत संडास नसेल आणि रात्री दोनदा उठावं लागलं तर पावसात ओल्या पायऱ्यांवरून त्या उतरणार कशा?